शनीला जाण्याचं वेळापत्रक

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेले भाषण)

मंडळी, शनी म्हटलं की आपल्याला साडेसाती आठवते. कॅसिनी यानाला शनीपर्यंत पोहोचायला जवळजवळ पावणेसात वर्षं लागली, म्हणजे त्याची जरा लवकरच आटोपली! १५ ऑक्टोबर १९९७ ला निघालेलं हे यान सरळ गेलंच नाही. दोनदा शुक्राजवळून, मग पृथ्वीजवळून, मग गुरूजवळून वळसे घेत १ जुलै २००४ ला ते शनीपाशी पोहोचलं. ग्रहाजवळून योग्य बाजूने गेलं की त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे वेग फुकट मिळतो. निघताना यानाचं निम्म्याहून जास्त वजन इंधनाचंच होतं, तेव्हा हे फुकट फार मोलाचं.

कॅसिनीचा मार्ग जाणकारांनी आखलेला होता. पुढे युरोपीय अवकाश संस्थेने तोच प्रवास सोपा करून, संगणकाच्या पद्धतींची परीक्षा घ्यायला कोडं म्हणून मांडला. शोधायचे फक्त सहा आकडे: निघण्याची तारीख आणि पाच टप्प्यांचे दिवस. मी वहीत हिशेब केला. निघायला १००० दिवसांची मुभा आणि दर टप्प्याला ४०० पर्याय धरले, तर एकावर सोळा शून्यं इतकी वेळापत्रकं होतात. सेकंदाला दहा लाख तपासली तरी तीनशेहून जास्त वर्षं लागतील. तोवर आपला पुनर्विकाससुद्धा होऊन जाईल!

म्हणून निसर्गाकडून उसनवारी. जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडलेली जनुकीय अल्गोरिदमची पद्धत अशी: शंभर वेळापत्रकं अंदाजाने घ्या. कमी इंधन खाणारी ठेवा, बाकीची बाद. उरलेल्यांची लग्नं लावा. एकाची निघण्याची तारीख, दुसऱ्याचे शुक्र ते पृथ्वीचे दिवस. आणि संततीत मधूनच एखादा आकडा मुद्दाम बदला. हे शेवटचं मला आधी पटेना. पण ते केलं नाही तर काही पिढ्यांत सगळी एकसारखी होतात आणि बऱ्यापैकी उत्तरावर ठाण मांडून बसतात. मुंग्यांवरून घेतलेल्या पद्धतीतही हीच काळजी आहे: वाटेवरचा वास हळूहळू उडून जातो, नाहीतर पहिली सापडलेली वाटच कायमची. पक्ष्यांच्या थव्यावरूनही १९९५ मध्ये अशी एक पद्धत निघाली.

आता माझी हरकत. बँकेत दिवसअखेर टॅली झाल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. इथे मिळालेलं उत्तर सर्वोत्तम आहे याची हमीच नाही. पुन्हा चालवा, वेगळं येईल. पण उत्तर कसंही सापडो, ते तपासायला न्यूटनचे नियम आहेत, तिथे उधारी नाही. यान पोहोचेल का आणि इंधन किती लागेल, हे पक्कं कळतं. याहून कमीत जमलं असतं का, एवढंच उघडं राहतं.

त्यासाठी २००५ मध्ये त्याच संस्थेने जागतिक स्पर्धा सुरू केली. दर वेळी नवा, अवघड प्रवास देतात. आणि जिंकणाऱ्याने पुढची स्पर्धा भरवायची, आपल्या महिला मंडळाच्या भिशीसारखी.