बोटावरचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण मराठीत रूढ आहे. या दोन गोष्टींची सांगड मध्ययुगीन युरोपातील यहुदी समाजाने एका अंगठीत घातलेली आढळते. त्यांच्या काही विवाहमुद्रिकांवर खड्याच्या जागी एक चिमुकली इमारत उभी असे.

खडा का नाही, या प्रश्नाचे उत्तर धर्मविधीत सापडते. यहुदी विवाहात वर वधूच्या बोटात अंगठी घालतो आणि त्या मूल्यवान वस्तूच्या स्वीकाराने विवाहबंधन सिद्ध होते. तेव्हा वस्तूच्या मोलाविषयी वधूच्या मनात संदेह राहता कामा नये. रत्नाची पारख सर्वांना नसते. काचेचा तुकडाही रत्न म्हणून खपून जातो. यास्तव विवाहाची अंगठी खड्यावाचून असावी, असा प्रघात पडला. रत्नांची वाट अशी बंद झाल्यावर कारागिराचे सारे कौशल्य धातूच्या घडणीकडे वळले असल्यास नवल नाही. या अंगठीत आभूषण हे खड्याचे कोंदण नाही. ते स्वतःच एक वास्तुशिल्प आहे.

जर्मनीतील एरफुर्ट येथे सापडलेली चौदाव्या शतकातील सोन्याची अंगठी हा याचा उत्तम नमुना होय. तिच्या माथ्यावर गॉथिक घाटाचा मनोरा आहे. त्याच्या छपराच्या सहा उतरत्या बाजूंवर सहा हिब्रू अक्षरे कोरलेली असून ती मिळून ‘मझल तोव’ हे शुभचिंतन होते. पंख असलेले दोन व्याल हा मनोरा तोलून धरतात; आणि कड्याच्या तळाशी, तळहाताच्या बाजूस, एकमेकांत गुंफलेले दोन हात आहेत. चारचौघांना दिसते ती वास्तू. तिचा पाया असलेला हस्तबंध मात्र धारण करणारीच्या मुठीत राहतो.

ही वास्तू कोणती, याविषयी दोन अर्थ सांगितले जातात. काहींच्या मते ती नवदांपत्याच्या भावी घराची प्रतिमा होय. इतरांच्या मते इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमच्या मंदिराची. हे अर्थ परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. ज्यांचे मंदिर उरले नाही, त्यांच्या धर्माचरणाचा मोठा भार घरानेच वाहिला. एवढा उंच मनोरा बोटावर वागवून नित्याची कामे होणे कठीण. तेव्हा ही अंगठी विधीपुरतीच वापरली जात असावी.

२१ मार्च १३४९ रोजी एरफुर्टमधील यहुद्यांची कत्तल झाली. युरोपात त्या काळी महामारी पसरत होती आणि यहुदी विहिरींत विष कालवतात, अशी अफवा ठिकठिकाणी उठली होती. त्या संकटकाळी कोणीतरी आपले धन जमिनीत पुरून ठेवले. त्यात तीन हजारांहून अधिक चांदीची नाणी, चांदीच्या चौदा लगडी, भांडी, दागिने आणि ही अंगठी होती. ते न्यायला कोणीही परत आले नाही. १९९८ साली, जुन्या सिनेगॉगनजीक उत्खनन चालू असता, ही ठेव उजेडात आली. फ्रान्समधील कोल्मार येथेही १८६३ साली एका भिंतीत अशीच पुंजी सापडली होती आणि तिच्यातही इमारतीच्या आकाराची विवाहमुद्रिका होती.

२००९ पासून एरफुर्टची अंगठी त्याच जुन्या सिनेगॉगमध्ये मांडलेली आहे. जिच्या बोटासाठी ती घडवली, तिचे नाव आज कोणास ठाऊक नाही. तिच्या घराची वीटही दाखवता येत नाही; सोनाराने जोडून दिलेले दोन हात मात्र अद्याप सुटलेले नाहीत.