माइकची बॉडी आणि आपली टोळी

(जलसा आणि कवितावाचनाचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या गटांच्या बैठकीतलं भाषण)



आज मी कविता वाचणार नाही. आज पितळेच्या पाइपावर बोलणार आहे. ज्यांना हा विषय हलका वाटतो त्यांनी खुशाल चहाला जावं. मी दिवसा गोदीत स्टीलच्या कॉइलींना स्लिंग घालतो आणि रात्री कविता लिहितो. ही दोन वेगळी कामं आहेत असं मला कधी वाटलं नाही. दोन्हीकडं वजन पेलायचं असतं, आणि गाठ सैल राहिली तर कुणाचा तरी जीव जातो.

तर मुद्दा माइकचा. आपल्या गटांतली पोरं घरी माइक बनवतायत. साधे नव्हेत, स्टुडिओतले कंडेन्सर माइक. कशासाठी? शौक म्हणून नाही. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या मागून वस्त्यावस्त्यांत गाणारी कित्येक माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची गाणी वहीत आहेत, पण वहीत घसा नसतो. दम कुठं घेतला, कुठल्या अक्षरावर आवाज फाटला, कुठं हसू आलं, हे वहीत उतरत नाही. स्टुडिओ तासावर पैसे मोजून घेतो. एका स्टुडिओत आपल्या एका म्हाताऱ्या गायकाला अर्ध्या गाण्यात थांबवून विचारलं, पुढच्या तासाचे पैसे आहेत का? बाबा उठले, डफ काखेत मारला, बाहेर आले. तेव्हापासून आपण म्हणतोय, माइक आपला पाहिजे.

आता हा माइक म्हंजे काय जादू नाय. कॅप्सूलमध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो, पाच-सहा मायक्रॉनचा, म्हंजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्यावर सोन्याचा मुलामा. मागं भोकं पाडलेली धातूची तबकडी. आवाजानं पडदा हलतो, पडदा आणि तबकडीतलं अंतर बदलतं, विजेचा इशारा तयार होतो. हे तत्त्व ई. सी. वेंटे यांनी अमेरिकेत १९१६ साली वापरात आणलं. १९२८ साली बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमान यांनी कारखाना काढला. त्या कारखान्याचा १९४९ सालचा यू ४७ माइक आजही स्टुडिओवाले देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा ठेवतात. देव्हारा आपल्याला नको. तत्त्व पाहिजे.

आणखी एक नाव लक्षात ठेवा. जेम्स वेस्ट. १९३१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मलेला काळा माणूस. त्यांनीच सांगितलंय, की फिजिक्स शिकू नये म्हणून वडिलांनी त्यांना तीन काळी माणसं दाखवली. तिघंही पीएचडी झालेली, आणि नोकरी मिळाली ती पोस्टात. तरी वेस्ट फिजिक्सच शिकले. १९६२ साली बेल लॅबमध्ये गेरहार्ड झेसलर यांच्या जोडीनं त्यांनी इलेक्ट्रेट माइक काढला. त्याच्या पडद्यातच विजेचा भार कायमचा भरून ठेवलेला असतो. त्यामुळं माइक स्वस्त झाला, लहान झाला. टेपरेकॉर्डरमध्ये शिरला, टेलिफोनमध्ये शिरला. आज आपल्यातले निम्मे लोक हीच इलेक्ट्रेट कॅप्सूल वापरतायत. ज्यांना पोस्टाची खिडकी दाखवली त्यांनी जगाच्या तोंडापुढं माइक धरला. हे आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगतोय.

कॅप्सूल विकत मिळते. लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर, ट्रान्झिस्टर मिळतात. सोल्डरिंग आपल्या पोरींना पोरांपेक्षा बरं जमतं, हे मी पाहिलंय. मग अडलं कुठं? अडलं बॉडीवर.

सध्या आपले माइक कशात राहतात ते बघा. पावडरच्या डब्यात, पीव्हीसीच्या पाइपात, चहाच्या गाळणीखाली. मी हसत नाही. ज्यानं गाळणीची जाळी केली त्याचं डोकं चालतं. पण आवाज ऐका. गाण्याच्या मागं गुंगुंगुं चाललेलं असतं. कॅप्सूलमधून येणारा इशारा इतका दुबळा असतो की तिथं एक गिगाओमचा रेझिस्टर लावावा लागतो. एक गिगाओम म्हंजे शंभर कोटी ओम. एवढ्या नाजूक जागी भिंतीतली वायर, शेजारचा मिक्सर, जिन्यातली मीटरपेटी, सगळे आपला हात साफ करून घेतात. आपल्या वस्तीत तर भिंतीला भिंत आणि वायरीला वायर. म्हणून आतल्या मालाला चारी बाजूंनी धातूचं कवच लागतं, आणि ते कवच केबलच्या एक नंबरच्या पिनेला, म्हंजे अर्थला, पक्कं जोडलेलं लागतं. बॉडी ही शोभेची वस्तू नाय. बॉडी अर्धा माइक आहे.

ओळखायची खूण सोपी. माइक चालू करा, हेडफोन कानाला लावा, बॉडीला हात लावा. हात लावल्यावर गुणगुण बदलली तर समजा, कुठंतरी जोड तुटलेला आहे. माणसाच्या स्पर्शानं ज्याचा आवाज बदलतो त्याच्यात खोट आहे. समाजाचंही हेच आहे, पण आज विषय माइकचा.

आता बॉडी कशी हवी ते सांगतो. दोन इंची पितळी पाइप, दीड मिलिमीटर जाड, अकरा सेंटिमीटर लांब. पितळच का? कापायला सोपं आणि सोल्डर धरतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण त्याला साध्या कथलाचं सोल्डर धरत नाही. आणि ते रंगीत ॲनोडाइझ करून आणलं तर वरचा थर वीज वाहूनच नेत नाही. झाकण आटे लावून बसवलं तरी विजेच्या हिशेबानं ते सुटंच राहतं. म्हणून जिथं धातूला धातू भिडतो तिथं रंग नको, लॅकर नको, काही नको.

वरची जाळी दुहेरी. बाहेरची जाड, पडल्या-आपटल्यावर टिकणारी. आतली बारीक, फुंकर अडवणारी. फार दाट केली तर आवाजातली धार मरते. जाळीचं डोकं गोलसर हवं. समोरासमोर सपाट भिंती असल्या की आवाज त्यांच्यात आपटत राहतो, आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. कॅप्सूल रबराच्या बैठकीवर, म्हंजे टेबलावरचा ठोका वर चढणार नाही. बॉडीला नखानं टिचकी मारा. घंटेसारखी वाजली तर आतून नमदा चिकटवा. कॅप्सूल दोन जातींच्या आहेत, इलेक्ट्रेट छोटी आणि दुसरी ३४ मिलिमीटरची. म्हणून बॉडी एकच, बैठका दोन. जात बदलली म्हणून घर बदलायचं नाय.

आता पैसा. एकटा माणूस टर्नरकडं गेला आणि म्हणाला, एक बॉडी करून दे, तर टर्नर हसतो. त्याची चूक नाही. लेथवर सेटिंग लावायचं, भोकं पाडायला जिग करायचा, जाळीचं डोकं ठोकायला साचा करायचा, नमुना काढायचा. एक नग काढा नाहीतर पन्नास, एवढं करावंच लागतं. समजुतीसाठी आकडे धरतो, खरे आकडे टर्नरच्या कागदावर येतील. समजा सेटिंग, साचा आणि नमुना मिळून ६,००० रुपये. पुढं नगामागं माल आणि मजुरी ४५० रुपये. एकट्याला बॉडी पडली ६,४५० रुपयांना. आता ४२ नग काढा. ४० आपले, दोन नासधुशीला. खर्च २४,९०० रुपये. चाळीस जणांत वाटला तर माणशी ६२२ रुपये ५० पैसे. तीच बॉडी, तोच लेथ, तोच टर्नर. फरक फक्त एवढाच की एकटा गेला नाही, टोळी गेली. गोदीत हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवत नाही. जे वजन एकट्याच्या पाठीचे मणके मोडतं ते आठ जणांत गाणं म्हणत जातं.

मालाचा हिशेबही आत्ताच सांगतो, उद्या कुणी बोंब मारू नये. ४२ तुकडे, प्रत्येकी अकरा सेंटिमीटर, वर दर कापाला तीन मिलिमीटर चुरा. झाले ४७५ सेंटिमीटर. म्हंजे पावणेपाच मीटर पाइप, साडेनऊ किलोच्या आसपास पितळ. पितळ तांबाकाट्याला मिळेल, जाळी नागदेवी स्ट्रीटला, लेथ कुर्ला-साकीनाक्याला. पितळेचा चुरा भंगारवाला वजनावर घेतो. त्याचे पैसे जमा बाजूला दिसलेच पाहिजेत. चुरा कुणाच्या खिशात गेला, इथूनच चळवळींना वाळवी लागते.

म्हणून नियम. मी मांडतो, पटले नाहीत तर आत्ता भांडा, मागाहून नको.

पैसे तीन हप्त्यांत. नाव लिहिताना २१०, नमुना पास झाल्यावर २१०, बॉडी हातात पडल्यावर २१०. झाले ६३०. माणशी साडेसात रुपये उरतात, चाळीस जणांचे ३०० होतात, ते टेम्पोला. नमुना नापास झाला तर पहिल्या हप्त्याच्या पुढं कुणाचा पैसा अडकणार नाही.

पैसे दोघांच्या सहीनं निघतील. त्यातली एक सही बाईची असेल. प्रत्येक बिल वाचनालयाच्या फळ्यावर टाचलेलं असेल. गोदीत मालाची मोजणी दोनदा होते, जहाजाची टॅली वेगळी आणि धक्क्याची वेगळी. दोन्ही जुळल्या तरच माल उतरला म्हणतात. आपलंही तसंच. टर्नरकडं एक जण मोजेल, वस्तीत दुसरा. पुढाऱ्यावर विश्वास असला तरी मोजायचं. विश्वास असला तर जास्तच मोजायचं.

ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं मान खाली घालायची नाही. जाळी कापायची आहे, कडा घासायच्या आहेत, सोल्डरवरचं फ्लक्स धुवायचं आहे. ते राहिलं तर पावसाळ्याच्या दमट हवेत माइक कुरकुरतो. हे काम मजुरीनं मोजलं जाईल आणि हप्त्यातून वजा होईल. ही दया नाही. मजुरी आहे.

टर्नरची मजुरी पाडायची नाही. आपण कामगार आहोत म्हणून दुसऱ्या कामगाराचा दर पाडायचा, हा कुठला न्याय? आणि क्रोम प्लेटिंग नको. स्टुडिओतल्यासारखी चकाकी पाहिजे म्हणून काही जण मागे लागलेत. क्रोमच्या टाकीवर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात काय जातं ते विचारा. त्या टाकीतलं क्रोमियम कॅन्सर करतं. आपलं पितळ काळं पडलं तर पडू दे. काळ्या रंगाची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली?

नमुना पास झाल्यावर डिझाइन बदलणार नाही. 'जरा लांब करा', 'माझ्या नावाचं अक्षर कोरा', असं म्हणणाऱ्याचं नाव यादीच्या शेवटी जाईल. कवींना हे खास सांगतोय, कारण कवी शेवटच्या प्रुफात ओळ बदलतात.

आणि ड्रॉइंग कुणाच्या मालकीचं नाही. मापासकट ते याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापायचं. नांदेडला, नागपूरला, सोलापूरला कुणी टोळी जमवली तर त्यांनी आपल्याला विचारायचीही गरज नाही. विद्या तिजोरीत ठेवणाऱ्यांचा इतिहास आपण भोगलाय, त्यांची नक्कल करायची नाय.

वरचे दोन नग नीट निघाले तर एक वाचनालयात राहील. ज्याला माइक बनवायला वेळ नाही त्यानं वहीत सही करून तो न्यावा, आपल्या आजीचं ओवीगाणं भरून घ्यावं, परत आणून ठेवावा. दुसरा कुठं जाईल ते बैठकीनं ठरवावं.

यादीत आज ३८ नावं आहेत. दोन कमी आहेत. टर्नरनं विचारलंय, पाइप कधी आणता? म्हातारी माणसं मात्र काही विचारत नाहीत. ती खोकतात, आणि आपल्याला तारीख कळते. या पावसाळ्याआधी बॉड्या हातात आल्या तर दिवाळीपर्यंत आपण शंभरेक गाणी भरू शकतो. नाही आल्या तर श्रद्धांजलीची भाषणं करू, ती आपल्याला चांगली जमतात.

वही इथं टेबलावर आहे. पेन दोरीला बांधलंय. २१० रुपये सुटे असतील तर बरं.