नाताळची नानकटाई

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला, की बिबवेवाडीतल्या आमच्या घरात दरसाल एक वाद ठरलेला. वाद अंड्याचा. माझी थोरली मुलगी म्हणते, "आजी, जगभर नाताळच्या बिस्किटांत अंडे घालतात, मग आपणच का नाही?" आणि माझी आई परातीतले तूप फेटता फेटता, मान वर न करता सांगते, "आपल्यात नाही घालत." आता 'आपल्यात' म्हणजे कोणात, हे ती सांगत नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्या घरात अंडे चालते, सकाळच्या न्याहारीला रोज असते. तरी नाताळच्या नानकटाईत मात्र ते नाही. ह्याचे कारण मला माझ्या लहानपणी कळले, आणि तेच आज आपल्याला सांगावे असे मनात आहे.

मराठी ख्रिस्ती घरातला नाताळचा फराळ आपण पाहिला असेल, तर तो दिवाळीच्या फराळाचा सख्खा भाऊ वाटेल. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, शेव, लाडू. आमचे पूर्वज नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. तिथे 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पण चुलीवरची कढई काही मिशनने बदलली नाही. बदल झाला तो एका पदार्थापुरता, आणि तो म्हणजे भट्टीत भाजलेली मसाल्याची नानकटाई. नाव तर आपल्याकडे जुनेच आहे. 'नान' म्हणजे फारसीत भाकरी, आणि 'खताई' म्हणजे खता देशाकडची, चीनकडची, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे हा पदार्थ नावापासूनच परगावचा, आणि तरी घरचा.

माझे लहानपण गुरुवार पेठेत गेले. एका वाड्यात दोन खोल्या, आणि गल्लीच्या टोकाला बेकरी. घरात भट्टी कुणाकडेच नसे. तेव्हा नाताळच्या चार दिवस आधी घरोघरची मंडळी आपापले तूप, साखर, मैदा, वेलदोडे डब्यांत भरून बेकरीत नेत. बेकरीवाला किलोमागे करणावळ घेई, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवी आणि येण्याची वेळ सांगे. ती वेळ बहुधा रात्रीची असे, कारण दिवसभर पावाच्या लाद्या चालत. भट्टीत आधी लाकडे पेटवून ती आतून चांगली तापवत, मग विस्तव बाजूला ओढून राहिलेल्या धगीवर पत्रे सारत. लांब दांड्याचे लाकडी फळे आत जाई, बाहेर येई, आणि आम्ही मुले त्याच्याबरोबर माना हलवत बसून राहू. दिवाळीतही हाच प्रकार. डबे त्याच गल्लीतले, फक्त चिठ्ठ्यांवरची आडनावे वेगळी.

आमच्या शेजारच्या खोलीत एक आजी राहत. सोवळ्या-ओवळ्याच्या, एकादशी कधी न चुकवणाऱ्या. दिवाळीला त्यांच्याकडून आमच्याकडे फराळाचे ताट येई, आणि नाताळला आमचे ताट त्यांच्याकडे जाई. रिकामे भांडे परत पाठवू नये, ही आपल्याकडची रीत आपण जाणताच. आजी ताट हसतमुखाने घेत. पण 1989 सालच्या नाताळात आईने पाहिले, की आमची नानकटाई कागदात बांधून आजींनी भांडी घासणाऱ्या बाईंच्या हाती दिली.

ताट देणाराच्या मनाला ते केवढे लागत असेल, हे ज्यांचे ताट कधी तरी असे गेले आहे त्यांनाच कळेल. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी ती सरळ आजींकडे गेली आणि म्हणाली, "आजी, तुम्हांला काय चालतं ते मला सांगा." आजी ओशाळल्या. म्हणाल्या, "अगं, तुझं मन मोडवत नाही म्हणून घेते. पण त्यात अंडं असतं ना?" आई म्हणाली, "असतं. पुढच्या वर्षी नसेल."

श्रोते हो, इथे मला थोडे मागे जाऊ द्या. कारण बिस्किटावरून पुण्यात उठलेला हा काही पहिला प्रश्न नव्हे. आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर पंचहौद मिशन आहे. 1890 साली तिथे एका कार्यक्रमासाठी शहरातली मोठमोठी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रम झाल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हातात धरला. पण डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे यजमान गोपाळराव जोशी ह्यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापून आणली, आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतले, आणि ते रमाबाईंना किती खटकले हे त्यांच्या आठवणींत वाचायला मिळते. हे 'ग्रामण्य' म्हणून इतिहासात नोंदले गेले आहे. शिक्षकमित्रांनी वर्गात हा प्रसंग जरूर सांगावा. पण एका बाजूला हसू आणि दुसऱ्या बाजूला टाळ्या अशा रीतीने सांगू नये. चहाचा पेला पुढे करणाऱ्याने समोरच्याला काय चालते ते विचारले होते का, हा प्रश्नही मुलांना घालावा. मी इतिहासाचा नव्हे, मराठीचा प्राध्यापक. तेव्हा एवढे बोलून थांबतो.

पुढच्या वर्षी, म्हणजे 1990 च्या डिसेंबरात, आईने आजींना आमच्या खोलीच्या दाराशी पाट मांडून दिला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पीठ मळायला घेतले. अंडे नाही, तेव्हा कसे जमेल ही तिला काळजी. आजींनी भट्टीतला पदार्थ जन्मात केला नव्हता, पण तुपाचे त्यांना सगळे ठाऊक. त्या म्हणाल्या, "तूप थिजलेलं घे. पातळ घेशील तर पसरेल." मग मसाला पाहिला, तो नुसता वेलदोडा आणि दालचिनी. "जायफळ नाही? सुंठ नाही? पुरणात घालतो तशी घाल की!" त्यांनी आपल्या डब्यातले जायफळ आणून स्वतः सहाणेवर उगाळले. बेकरीवाल्यालाही आईने गळ घातली. त्याने धुतलेले पत्रे आमच्यासाठी वेगळे ठेवले आणि पहाटेचा पहिला घाणा आमचा लावला. त्या वर्षीचे ताट बाईंकडे गेले नाही.

आजही आमची नानकटाई त्याच मापाची आहे. आई वाटीने आणि मुठीने मोजते. गेल्या दोन वर्षांत तिची नजर अधू झाली, हातही कापतो. तेव्हा माझ्या पत्नीने तिच्या प्रत्येक मुठीखाली तराजू धरून माप कागदावर उतरवले. ते असे: साजूक तूप पाव किलो, पिठीसाखर पाव किलो, मैदा 400 ग्रॅम, बेसन 50, बारीक रवा 50. आठ-दहा वेलदोडे, अर्धे जायफळ, चहाचा एक चमचा सुंठ, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, हे सर्व कुटून वस्त्रगाळ. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा.

सगळी मेहनत तुपात आहे. थिजलेले तूप आणि साखर तळहाताने फेटत राहायचे, पांढरे आणि हलके होईपर्यंत. घाई केली की नानकटाई दगड होते. मग पिठे आणि मसाला घालून गोळा फक्त जमवायचा, मळायचा नाही. अंड्यावाचून हे कसे जमते, ह्याचे कारण सोपे आहे. मैद्याला पाणी लागले आणि तो मळला, की त्यात चिवट धागे तयार होतात. पोळी-पावाला ते हवेत. इथे पाणी नाहीच, आणि तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसते. म्हणून ती खुसखुशीत होते. गरम असताना हात लावू नये, मोडते. निवली की घट्ट होते. अंडे घातले असते तर बांधणी झाली असती, पण हा ठिसूळपणा गेला असता. पुण्याच्या डिसेंबरात तूप आपसूक थिजते, ही थंडीची कृपा. उकाड्याच्या गावी गोळे भाजण्याआधी अर्धा तास गार जागी ठेवावेत.

खेड्यातल्या भगिनी म्हणतील, भट्टी कुठून आणू? जाड बुडाच्या कढईत दोन बोटे मीठ किंवा कोरडी वाळू पसरा, त्यावर तिवई ठेवा, झाकण घालून दहा मिनिटे तापू द्या. मग तूप लावलेल्या ताटलीत गोळे अंतराने मांडून आत ठेवा, आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे राहू द्या. चुलीवर करत असाल तर झाकणावर चार निखारे ठेवा, म्हणजे वरूनही रंग येतो. मधूनमधून झाकण उचलून पाहण्याचा मोह आवरावा. आमच्या धाकट्याला तो आवरत नाही, आणि पहिली ताटली दरवर्षी त्यापायी पांढरी राहते.

मसाल्याविषयी एक सांगायचे राहिले. युरोपात नाताळ म्हटला की मसाल्याची बिस्किटे आलीच. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराचे लेबकुखन त्यासाठी नावाजलेले आहे, आणि तिथल्याच एका बिस्किटाच्या नावात चक्क मिरी आहे. त्या थंड मुलखात ना मिरी पिकते, ना वेलदोडा. हा माल आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडून, दालचिनी सिंहलद्वीपातून, लवंग-जायफळ त्याहून पूर्वेच्या बेटांतून जाई. 1498 साली वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला तो ह्याच वासाच्या मागावर. आता तर जायफळ कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही जायफळाची आणि 'कोकण तेज' ही दालचिनीची जात काढली आहे. नारळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून ती घेता येतात. ज्यांची वाडी आहे त्यांनी विचार करावा. आम्ही मात्र घराजवळच्या मार्केट यार्डातून आणतो. जायफळ कवचासकट घेऊन कानाशी हलवून पाहावे. आत खुळखुळले तर चांगले वाळलेले आहे असे समजावे.

आता वादाकडे वळतो. गेल्या नाताळात मुलीने हट्टच धरला. तेव्हा मी तिला आजींची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती तिला कुणी सांगितलीच नव्हती. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पण त्या आजी आता नाहीत." माझी आई म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या काकूंचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात. समोरच्यांकडे अंडं शिजत नाही. तू ताट कुणाकुणाकडे नेणार आहेस, ते आधी मोज."

मुलीने बोटे मोजली. शेवटी तडजोड झाली. आधी बिनअंड्याचे चार घाणे काढायचे, मग उरल्या पिठाचा एक घाणा तिने हवा तसा करायचा. मात्र परात वेगळी, पत्रा वेगळा. तिच्या बिस्किटांना रंग छान आला. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बरं झालंय. पण केकसारखं लागतं." मुलीने दोन डबे भरले, दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर लिहिले 'घरचे', दुसरीवर 'आपल्यातले'. मग दुसऱ्या डब्यातून ताटे भरून ती जिना चढू लागली.