शिट्टी कुणाच्या हातात?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'मुलांच्या पथकात मोठ्यांची जबाबदारी'. आम्ही काही शिकलेले वक्ते नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि भोसरीच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागलो. जे काही वाचले ते शिफ्ट सुटल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तके नेऊन. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्या विहारात रविवारी सकाळी भरणारे पथक स्काऊटच्या धर्तीवर चालते. स्काऊट म्हटले की खाकी गणवेश आणि दोरीच्या गाठी, एवढेच आपल्याला आठवते. पण त्याचे मूळ वेगळे आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांच्या शाळेतली मुले होती आणि कामकरी घरांतलीही होती. सगळ्यांच्या मिळून चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीचा नायक मुलांतलाच केला. मोठ्याने नायकाला सांगायचे आणि नायकाने टोळी चालवायची, ही त्या चळवळीची नाडी आहे.

आपल्या देशात मात्र सुरुवातीला हे दार हिंदी मुलांना बंद होते. म्हणून अॅनी बेझंट यांनी 1916 साली मद्रासला हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. पुढे स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था झाली. आपल्या समाजातही शिस्तीचे पथक नवे नाही. महाडच्या लढ्याच्या काळात, 1927 साली, बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले. ज्यांना गावात मान वर करून चालू दिले जात नव्हते, ते तरुण रांगेत ताठ उभे राहिले. त्या शिस्तीत स्वाभिमान होता, आणि तोच मुलांत यावा म्हणून हे पथक आहे.

आपल्या पथकाच्या चार टोळ्या आहेत. त्यांची नावे मुलांनीच आपल्या भागातल्या लेण्यांवरून ठेवली: कार्ले, भाजे, बेडसे आणि शेलारवाडी. पांढरा शर्ट, गळ्यात निळा रुमाल आणि नायकाकडे शिट्टी. आता त्या शिट्टीची गोष्ट सांगतो. ती आमच्याच चुकीची आहे.

25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी दरवर्षी तिथे मोठी गर्दी होते. चार वर्षांपूर्वी आपल्या पथकाने तिथे पाणी वाटायचे ठरवले. दहावीतली एक मुलगी नायक होती. तिने आठ दिवस आधी जाऊन जागा पाहिली आणि वहीत नकाशा काढला. पिंप कुठे, पेले कुठे, कुणाची पाळी किती वाजता, सगळे लिहून काढले.

आम्ही थर्ड शिफ्ट करून थेट तिकडे गेलो. डोळ्यांवर झोप होती. पाहतो तर पिंप रस्त्यापासून आत, झाडाखाली. आम्ही सगळ्यांदेखत ओरडलो, "हे काय, इथे कोण येणार?" तिच्या हातातली शिट्टी घेतली, वाजवली आणि पिंप रस्त्याच्या कडेला आणायला लावले. अर्ध्या तासात रस्ता तुंबला. म्हाताऱ्या बाया उन्हात उभ्या राहिल्या. झाडाखालची जागा त्या पोरीने सावलीसाठी आणि रस्ता मोकळा राहावा म्हणून निवडली होती. ते वहीत लिहिलेले होते. आम्ही वही उघडलीच नव्हती.

ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी सव्वीस मुलांपैकी नऊ आली.

आम्ही तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "दादा, तुम्ही मोठे आहात, बोला हवं तर. पण आधी वही तरी बघायची होती." उत्तर काय देणार? कारखान्यात साहेब आमचे न ऐकता बोलतो तेव्हा आमच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आणि तेच आम्ही लेकराशी केले. आम्ही तिची माफी मागितली, आणि पुढच्या रविवारी सगळ्या पथकासमोर पुन्हा मागितली. मुले हळूहळू परतली.

तेव्हापासून नियम केला. चालू कामात मोठ्याने शिट्टीला हात लावायचा नाही. चूक दिसली तर नायकाला बाजूला घेऊन विचारायचे. मुलांसमोर त्याचा पाणउतारा करायचा नाही. खिचडी करपली तर करपू द्यायची. पुढच्या वेळी ते विस्तव बघतात.

पण मग मोठ्यांनी नुसते बसून राहायचे का? मुळीच नाही. 15 जून 2025 रोजी इंद्रायणीवर कुंडमळ्याचा पूल पडला, चार माणसे गेली. त्यानंतर महिन्याभरातच पोरांच्या बैठकीत ठरले की पावसात नदीकाठी सहल न्यायची. तिथे आम्ही स्पष्ट नाही म्हणालो. पोरे रुसली, पण कारण समजावून सांगितले. जिवाशी गाठ असेल तिथे मतदान नाही. तसेच 2012 च्या पोक्सो कायद्याने मुलांच्या रक्षणाची जबाबदारी आपल्यावर अधिकच आली आहे. म्हणून एकटा मोठा माणूस एकट्या मुलाला घेऊन कुठे जाणार नाही; दोन मोठे हजर हवेतच, आणि मुली असतील तर त्यांतली एक भगिनी हवी.

आईबापांची संमतीही हवी. लहानग्या राहुलाला संघात घेतले तेव्हा आजोबा शुद्धोदनांना दुःख झाले. त्यांनी विनंती केली, आणि तथागतांनी नियम केला की मातापित्यांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये. एवढा थोर शास्ता आजोबांचे म्हणणे ऐकतो, तिथे आपण कोण?

उलट, कधी मुलेच आपल्याला वाट दाखवतात. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार आले. म्हणाले, "पथक रॅलीत आणा, तंबू देतो." खरे सांगतो, आमचे मन डळमळले, कारण तंबू आपल्याकडे नव्हते. आम्ही विषय नायकांच्या बैठकीत ठेवला. आठवीतला एक पोरगा म्हणाला, "काका, आमचा रुमाल भाड्याने द्यायचा का?" विषय तिथेच संपला. तंबू अजूनही नाहीत. ताडपत्रीवर भागवतो.

अडचणी पुष्कळ आहेत. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पोरगा नायक म्हणून तयार होतो, अठराचा झाला की चाकणला कंत्राटावर जातो, आणि रविवारीही ओव्हरटाइम लागतो. म्हणून प्रत्येक नायकाने आपल्यामागे दुसरा तयार करायचा. आम्हालाही हाच नियम. आम्ही साठीकडे चाललो. आमच्यावाचून पथक बंद पडले, तर आम्ही पथक चालवले नाही, नुसती हौस केली असे होईल.

म्हणून मागणे एकच. दर रविवारी दोन तास, आलटून पालटून दोन पालक द्या. फोटोसाठी नको. मागच्या सतरंजीवर बसा, पोरांचे ऐका, आणि वही वाचा.

ती देहूरोडची मुलगी आज नर्सिंगला आहे. सुट्टीला आली की लहानांना प्रथमोपचार शिकवते. मागच्या महिन्यात तिने एका चिमुरड्या नायकाच्या हातात शिट्टी दिली, आणि स्वतः जाऊन आमच्या शेजारी सतरंजीवर बसली. आम्हाला त्या दिवशी फार बरे वाटले.

इतके बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जय भीम!