लाटा आणि पागोळ्या

कोकणातील कोणत्याही जुन्या घराच्या वळचणीखाली पाहिले, तर अंगणाच्या कडेने बसविलेल्या चिऱ्यांवर लहान वाटीएवढ्या खळग्यांची एक सरळ ओळ उमटलेली दिसते. नळ्यांच्या टोकांवरून पावसाळ्यामागून पावसाळे ठिबकत आलेल्या पागोळ्यांची ती करामत. बालपणी त्या खळग्यांचा उपयोग आम्ही गोट्या खेळण्याकडे केला. त्यांत भूगोल आहे हे ध्यानात यावयास बराच काळ जावा लागला.

श्रोतेहो, आपला पश्चिम किनारा कोणी घडविला असे विचारले, तर दहांतले नऊजण समुद्राकडे बोट दाखवतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. उधाणाच्या लाटेचा गर्जत येऊन कड्यावर फुटण्याचा थाटच असा असतो, की साऱ्या कारभाराचा मक्ता तिच्याकडेच असावा असे वाटते. माझे म्हणणे थोडे निराळे आहे.

हरिहरेश्वरास ज्यांनी प्रदक्षिणा घातली असेल, त्यांस ती वाट आठवत असेल. देवळामागच्या टेकडीवर चढावे, दोहों बाजूंनी अंगावर येणाऱ्या कातळांमधल्या अरुंद चिरेतून पायऱ्या उतराव्यात, तो एकदम समोर समुद्र. आणि तेथून पुढे, ओहोटी असेल तरच, टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या खडकाच्या सपाट ओट्यावरून, शेवाळावर पाय जपत चालावे. हा ओटा मात्र निःसंशय लाटांचा. फटींत कोंडलेली हवा दाबून त्या खडक खिळखिळा करतात, सुटलेले गोटे त्याच कड्यावर फेकून त्याचा पाया पोखरतात, आणि आधार गेलेला कडा ढासळत मागे सरकला म्हणजे त्याच्या जागी हा ओटा उरतो. परंतु मान वर करून त्याच कड्याकडे पाहावे, तर मोहळाच्या पोळ्यासारखी शेकडो छिद्रे पडलेली दिसतात, आणि तेथे लाटेचा मार क्वचितच पोहोचतो. पोहोचतात ते तुषार. ते खडकाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढता वाढता एकेक कण सैल करतात, आणि तो कण कसलाही आवाज न होता खाली पडतो. समुद्र हा ओटीपर्यंतच मज्जाव नसलेला पाहुणा आहे. भरती-ओहोटीच्या रेषांपलीकडे, माजघरात, वहिवाट चालते ती पावसाची.

त्या पावसाच्या वाट्याला आलेला खडक तरी कोणता? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरांवर थर पसरत गेला, आणि आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापलेला आहे. जिन्यासारख्या दिसणाऱ्या या डोंगरांच्या खडकाला जे ‘ट्रॅप’ नाव मिळाले, ते जिन्याच्याच अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून. हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, वज्रासारखा वाटतो खरा. पण निवताना आकसल्यामुळे त्याच्या अंगी जन्मतःच भेगा आहेत, आणि पाऊस नेमका तेथूनच आत शिरतो. एखाद्या घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीपाशी थांबून पाहावे. दगडाचे वाटोळे गोळे दिसतील, प्रत्येकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे. बाहेरचा पापुद्रा नुसत्या चिमटीने भुरभुरतो आणि त्याचा मुरूम होतो, आतला गाभा मात्र हातोडी मारली तर अजून खणखणतो. बाहेरून आत असा क्षय चाललेला असतो, डोंगर मात्र जागच्या जागी उभा.

याच क्षयातून घाटाच्या पूर्वेस, कमी पावसाच्या देशावर, कपाशीची काळी माती झाली. कोकणात मुसळधार पावसाने त्याच जातीच्या खडकातली सिलिका धुऊन नेली, आणि शेष उरलेल्या लोह व अ‍ॅल्युमिनियमचा तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ साली त्यास विटेवरून लॅटिन नाव दिले. आमचे पाथरवट त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे चिरे काढीत होते. खाणीतला ओला चिरा लोखंडी हत्याराने सहज तासता येतो, आणि उन्हावाऱ्यात पडला की घट्ट होतो. किनाऱ्यावरच्या सड्यांचेही तसेच: माथा टणक, पोटात मऊ माती. ती माती झिरपत्या पाण्याने व लाटांनी निघून गेली, की वरचा जांभा घराएवढ्या शिळांनी कोसळतो. त्या वेळी समोर लाट असते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

आता महाबळेश्वरी जाऊ. तेथे वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि एकाच क्षेत्री उगम मानलेल्या दोन नद्यांचे मार्ग तेथून फुटतात. कृष्णा पूर्वेस सुमारे १,४०० किलोमीटर रमतगमत बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री कड्यावरून खाली झेपावते आणि शंभरएक किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. इतक्या थोड्या अंतरात तेवढीच उंची उतरावयाची, म्हणून पश्चिमेकडच्या या आखूड नद्यांच्या अंगी कातरण्याचे बळ विलक्षण. त्यांनी सह्याद्रीचा कडा कुरतडत पूर्वेस मागे रेटला आणि पायथ्याशी कोकणपट्टी वाढविली. पोखरलेला हा ऐवज जातो कोठे? त्यातला मऊ गाळ खाड्यांत बसतो (ज्या बंदरांत एके काळी गलबते लागत, तेथे आता ओहोटीला होडीही रुतते), आणि जड कण समुद्रापर्यंत जातात.

सावित्रीचे मुख बाणकोटाशी, हरिहरेश्वराच्या अगदी शेजारी. तेथल्या पुळणीवरील मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरून तिच्यावरून एक साधा लोहचुंबक फिरवावा. शिंपल्यांचा पांढरा चुरा जागचा हलत नाही. काळे कण मात्र टुणकन उडून चुंबकाला चिकटतात: ते समुद्राचे नव्हेत, घाटातल्या काळ्या पाषाणाचे.