कोपीतल्या पोरांची शाळा : दया नव्हे, तोडणीचा खर्च

(बारामती येथे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी पोरांच्या शाळेवर बोलणार आहे. भावाचा विषय सोडून हा शाळेचा विषय कुठून काढला, असे कोणी म्हणू नये. कोरडवाहू ज्वारी-कापसाचा हिशेब जुळला असता, तर दिवाळीच्या तोंडावर घराला कुलूप लावून कोणी कोयता उचलला नसता. शाळेचा विषय तिथूनच सुरू होतो.

बारामती-इंदापूर हा नीरा डाव्या कालव्याचा मुलूख. कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी गेले तिथे ऊस उभा राहिला. नाही गेले तिथे, सुपे-मोरगावच्या अंगाला, ज्वारी-बाजरीच राहिली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांचा ऊस तोडायला माणसे कुठून येतात? आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी, जामखेड. म्हणजे आपलेच भाऊबंद. जमीन आहे, पण ती वर्षभर पोसत नाही. कापसाची शेवटची वेचणी म्हाताऱ्यांवर टाकून टोळी निघते.

कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे दोघे फडात गेले की कोपीत उरतात पोरे. थोरली मुलगी दहा वर्षांची असो की आठ, धाकटे तिच्या कडेवर. पाणी ती आणते, भाकरी ती थापते. थोरला मुलगा वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मात्र दोघांचीही नावे असतात.

हंगाम चालतो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. शाळेचे दुसरे सत्र नेमके तेवढेच. रब्बी ज्वारी पोटरीत असताना ओल तुटली, तर नंतर कितीही पाणी द्या, कणीस भरत नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको. पोराचे तसेच होते. दोन-तीन हंगाम असे गेले की ते वर्गात बसते, पण त्याला धडा वाचता येत नाही. मग शाळा सुटते. मुलगी वयात आली की तिला एकटी गावी ठेवायची भीती आणि फडात न्यायचीही भीती. म्हणून लवकर लग्न. लग्न झाले की नवा कोयता, आणि नव्या कोयत्याला नवी उचल.

ही उचल नीट समजून घ्या. बारामती तालुक्यातल्याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. रोखे आणि खतावण्या हाती घेण्यासाठी ते उठले होते. त्यातून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. तो रोखा बापाकडून मुलाकडे जात असे. आज मुकादमाची उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात बाप पुन्हा येतो, आणि बाप थकला की मुलगा येतो. मग नाव बदलले म्हणून रोखा बदलला का?

यावर उपाय झालेच नाहीत, असे मी म्हणणार नाही. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. तळमळीच्या लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये, झाडाखाली पोरे शिकवली. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार स्थलांतरित मुलाला जवळच्या शाळेत, त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. शिक्षण हमी पत्रक निघाले. पोरांना गावातच ठेवून जेवण देणारी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे मंजूर झाली.

मग घोडे कुठे अडते? हे सारे दया म्हणून चालते, तिथे अडते. अनुदान आले तर ताट वाढले, देणगीदार दमला तर शाळा बंद. दयेला हंगामाचे वेळापत्रक नसते, तोडणीला असते. ट्रॅक्टरचे डिझेल, मुकादमाचे कमिशन, गाडीचे भाडे, सगळे तोडणी-वाहतुकीच्या खर्चात बसते. मग दोन माणसे फडात राबतात तेव्हा त्यांची पोरे सांभाळण्याचा आणि शिकवण्याचा खर्च कुठल्या खात्यात? आज तो थोरल्या मुलीच्या खात्यात पडतो.

ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असे ठरले आहे. टनाला १० म्हणजे किलोला एक पैसा. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे होतात एक कोटी. त्यातले किती पोरांच्या ताटात आणि पाटीवर पोचले, हे विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

ऊसवाला भाऊ म्हणेल, तोडणीचा खर्च माझ्याच बिलातून कापतात, म्हणजे हाही बोजा माझ्यावरच. त्याचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा खर्च भावात धरून मागितला पाहिजे. तोडणाऱ्याच्या पोरांना अडाणी ठेवून साखर स्वस्त होत असेल, तर ती स्वस्ताई आपल्याला नको. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा कोयत्यालाही लागू आहे.

कोणी म्हणतात, तोडणीचे यंत्र आले की प्रश्न मिटेल. यंत्र कोयता घालवेल. शाळा आणून देणार नाही. तेव्हा त्या पोराच्या हाती कोयताही नसेल आणि अक्षरही नसेल.

तेव्हा आपल्या हातातली तीन कामे सांगतो.

एक : दसऱ्याआधी ग्रामसभेत जाणाऱ्या कुटुंबांची आणि पोरांची यादी करा. आजी-आजोबा किंवा भावकी यांच्याकडे जी पोरे राहू शकतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी ठरावाने पाठवा. टोळी गेल्यावर पाठवलेल्या ठरावाचा उपयोग नाही.

दोन : जी पोरे जाणारच, त्यांचे हमी पत्रक टोळी निघण्याआधी आईच्या हाती द्या. इकडे बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी तळावर जाऊन ती पोरे शाळेत आणि सहा वर्षांखालची अंगणवाडीत घातली की नाही, ते पाहावे. कोपी शाळेपासून लांब असेल तर ने-आण कारखान्याने करावी, ही मागणी लेखी द्यावी.

तीन : टोळी परतल्यावर उन्हाळ्यात बुडालेला अभ्यास गावातल्याच शिकलेल्या मुला-मुलींनी घ्यावा. आणि आयांची बैठक वेगळी घ्यावी. मुलीचे लग्न की शाळा, हा निर्णय शेवटी त्या घरात होतो, आणि त्या आईला पाठबळ लागते.

भावाची लढाई लांबची आहे, ती आपण लढूच. पण पोराचे चौथीचे वर्ष भाव मिळेपर्यंत थांबत नाही. येत्या दसऱ्याआधी आपल्या गावची यादी जिल्ह्याच्या बैठकीत आणा. ज्या गावची यादी येईल, त्या गावाचे पुढचे काम संघटना उचलेल.