भीतीचे भांडवल आणि आपले मत



संस्थेच्या कार्यकारिणीने आम्हाला 'भावना, भीती आणि जनमत' या विषयावर चार शब्द बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल आभार. आम्ही काही मानसशास्त्राचे अभ्यासक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारी माणसे आम्ही. परंतु बँकेच्या खिडकीशी नाना तऱ्हेचे लोक येतात, आणि माणूस किती लवकर घाबरतो हे तेथे बसल्यावर चांगलेच कळते. म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

दहा रुपयांचे नाणे सर्वांच्या परिचयाचे आहे. काही वर्षांपूर्वी अशी आवई उठली की, ज्या नाण्यावर रुपयाचे चिन्ह नाही ते खोटे, ज्यावर दहाऐवजी पंधरा रेघा आहेत ते खोटे. भाजीवाली घेईना, रिक्षावाला घेईना. शेवटी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की, दहा रुपयांची १४ प्रकारची नाणी निघालेली असून ती सर्व कायदेशीर चलन आहेत. तरीही लोक नाणी घेऊन खिडकीवर येतच राहिले. भाजीवालीला विचारावे तर ती म्हणे, "साहेब, मला ठाऊक आहे नाणं खरं आहे, पण गिऱ्हाईक घेत नाही." गिऱ्हाइकाला विचारावे तर तो म्हणे, "दुकानदार घेत नाही." म्हणजे नाणे खोटे आहे असे स्वतः मानणारा कोणी सापडत नव्हता. दुसरा तसे मानतो, याचीच प्रत्येकाला भीती होती. मित्रहो, ज्याला आपण जनमत म्हणतो ते पुष्कळदा असेच तयार होते.

दुद्दुभ जातकात हेच सांगितले आहे. ताडाच्या रोपाखाली पडलेल्या सशाच्या मनात येते की, पृथ्वी फुटली तर आपले काय होईल? तेवढ्यात एक पिकले बेलफळ ताडाच्या पानावर धप्पकन पडते. झाले! पृथ्वी फुटली असे समजून ससा पळत सुटतो. त्याच्यामागे सारे ससे, मग हरणे, डुकरे, रेडे, वाघ, सिंह, हत्ती. एक सिंह मात्र त्यांना अडवतो आणि विचारतो, पृथ्वी फुटताना पाहिली कोणी? हत्ती सिंहांकडे बोट दाखवतात, सिंह वाघांकडे, आणि असे करत करत प्रश्न एकट्या सशापाशी येऊन थांबतो. मग तो सिंह सशाला पाठीवर घेऊन त्या जागी जातो आणि पडलेले बेलफळ पाहतो. त्याने दोनच गोष्टी केल्या. पाहणारा कोण ते विचारले आणि जागेवर जाऊन खात्री केली.

कथेतील ससा लबाड नव्हता, नुसता घाबरट होता. परंतु समाजात असेही लोक असतात, की जे बेलफळ मुद्दाम टाकतात. त्यांना कळप कोणत्या दिशेला पळवायचा हे आधीच ठाऊक असते.

महाडचेच उदाहरण घ्या. तेथील नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक त्या तळ्याचे पाणी प्याले. ठरावाप्रमाणे हा हक्कच होता, त्यामुळे त्याविरुद्ध बोलायला मुद्दा नव्हता. मुद्दा नसला की भीती कामाला येते. हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार, अशी अफवा गावात सोडण्यात आली. तशी कोणतीही योजना नव्हती. परंतु देव बाटणार, धर्म बुडणार, एवढे ऐकताच जमाव लाठ्याकाठ्या घेऊन निघाला आणि परिषदेला आलेल्या निःशस्त्र लोकांना बेदम मारहाण झाली. आपली माणसेही संतापली होती आणि प्रतिकाराची त्यांची तयारी होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. प्रकरण न्यायालयात लढवले गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. अफवेला काही तास पुरले, न्यायाला दहा वर्षे लागली. पण आज उरला आहे तो न्याय.

आता दूरदेशीचे एक उदाहरण. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकेत, तेथील लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्कविषयक गटापुढे नायिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी रडत रडत सांगू लागली की, इराकी सैनिकांनी इस्पितळातील काचेच्या पेटीतून तान्ही बाळे काढून थंड फरशीवर मरायला टाकली. ते ऐकून कोणाचे काळीज हलणार नाही? राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ अशा थोड्या मतांनी संमती दिली, आणि त्याआधीच्या चर्चेत काही सदस्यांनी या बाळांचा दाखला दिला होता. युद्ध उरकल्यावर, १९९२ साली उघड झाले की ती मुलगी अमेरिकेतील कुवेतच्या राजदूतांचीच कन्या होती आणि प्रसिद्धीची सारी मोहीम पैसे घेऊन काम करणाऱ्या हिल अँड नोल्टन या कंपनीने चालवली होती. बाळांच्या त्या गोष्टीला पुरावा मिळाला नाही. इराकी सैन्याने कुवेतमध्ये अत्याचार केले होते, हे खरेच होते. परंतु खऱ्या दुःखाच्या जागी बनावट दुःख उभे केले की पुढे खऱ्या दुःखितावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. येथे भीतीचे नव्हे, तर करुणेचे भांडवल झाले. करुणा ही आपल्या धम्माची शिकवण. तिचाही असा वापर होऊ शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरे उदाहरण आपल्याच राज्यातील आणि अत्यंत वेदनादायक. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, एवढाच संशय. त्या वर्षी अनेक राज्यांत मुले पळवल्याची एक चित्रफीत मोबाईलवर फिरत होती. ती मूळची पाकिस्तानातील कराचीची, मुलांना जपा असे सांगण्यासाठी केलेली जाहिरात. शेवटी तो माणूस मुलाला परत आणून सोडतो. पण तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता! आणि मारला जातो कोण? ज्याला गाव नाही, ओळख सांगणारा कोणी नाही, असा भटका. भीती नेहमी सर्वांत दुबळ्याच्या अंगावर उतरते. म्हणून हा विषय आपल्यासारख्या समाजाला केवळ चर्चेचा नाही, तो जगण्या-मरण्याचा आहे.

या तिन्ही प्रसंगांत एक समान रीत दिसेल. प्रथम माणसाच्या सर्वांत नाजूक ठिकाणी बोट ठेवायचे. ते ठिकाण देव असेल, मूल असेल किंवा आपल्या महामानवाचा सन्मान असेल. मग घाई करायची, विचाराला उसंत द्यायची नाही. आणि जो शंका घेईल त्याला शत्रूचा हस्तक ठरवायचे.

हल्ली बँकेत आम्ही हीच रीत रोज पाहतो. एखादे निवृत्त गृहस्थ कानाला फोन लावून येतात आणि मुदत ठेव मोडायला सांगतात. कारण विचारले तर बोलत नाहीत. पलीकडून कोणी पोलीस अधिकारी असल्याचे सांगून त्यांना 'डिजिटल अटक' केलेली असते. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पण भीती, घाई आणि 'कोणाला सांगू नका' ही ताकीद, या तिन्हींपुढे शिकलेला माणूसही हतबल होतो. फोन बंद करून, पाण्याचा पेला पुढे ठेवून पाच मिनिटे बसवले की पुष्कळदा भुरळ उतरते. ठेव लुटणारा आणि मत लुटणारा यांचे तंत्र एकच आहे. ठेव गेल्याचे निदान पासबुकात दिसते, मत गेल्याचे दिसत नाही.

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात माणूस वाईट मार्गाला लागण्याची चार कारणे सांगितली आहेत: आसक्ती, द्वेष, मोह आणि भय. यात भयाला द्वेषाच्याच पंक्तीला बसवले आहे, हे विशेष. घाबरलेला माणूस निरागस असतो असे आपण समजतो, परंतु राईनपाड्याचा जमावही घाबरलेलाच होता.

याचा अर्थ भावनाच नकोत असा मुळीच नाही. संताप नसता तर महाड झाले नसते. परंतु बाबासाहेबांनी संतापाला अभ्यासाची, कायद्याची आणि संघटनेची जोड दिली. भावनेने आपल्याला उभे करावे, पण चालावे कोणीकडे हे विवेकाने सांगावे.

विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे. एखादा संदेश वाचून छातीत धडधडू लागले, मुठी वळल्या, तर तेवढ्यापुरते थांबा. हे पाहिले कोणी, हे कोठले, केव्हाचे, आणि याने फायदा कोणाचा, असे चार प्रश्न विचारा. खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नका. बातमी परक्या समाजाविरुद्ध असेल तर हे प्रश्न विचाराच, पण ती आपल्या बाजूची आणि आपल्याला आवडणारी असेल, तर अधिक कसोशीने विचारा. कारण तेथेच आपण सर्वांत लवकर फसतो. निवडणुकीच्या दिवसांत वस्तीत येणाऱ्या प्रत्येक वक्त्याला, मग तो आपला का असेना, हीच कसोटी लावा. तो आपल्याला काही समजावून सांगतो आहे की नुसते घाबरवतो आहे?

संस्थेच्या वाचनालयात दर रविवारी तासभर मुलांना जमवून आठवड्यातील एका बातमीची शहानिशा करण्याचा उपक्रम सुरू करावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवतो. त्यासाठी खर्च काहीच नाही, आणि बँकेची सुट्टी असल्याने आमचा तो तास संस्थेला दिला असे समजावे.



नमो बुद्धाय. जयभीम.